हिरवी खूण

इस्पितळाच्या धुलाईघरात एक रीत होती. ती कुणी घालून दिली हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. एखादीच्या पुढ्यातली चादरींची रास संपली नाही, तिला मळमळलं, घरून निरोप आला, नाहीतर नुसतीच पाठ भरून आली, की शेजारची बाई हात लांबवून ती रास आपल्याकडे ओढायची आणि संपवून टाकायची. संपवणारीनं सांगायचं नाही, जिची संपली तिनं विचारायचं नाही. सांगितलं की उपकार होतो, विचारलं की हिशेब होतो. वाफेला कुठं नाव असतं, तसं ते.

या धुलाईघरात दोघी बहिणी होत्या. थोरली रोलरवर, धाकटी घडीच्या टेबलावर. रोलर म्हणजे तापलेला लोखंडी रूळ. एका बाजूनं ओली चादर आत घालायची, दुसरीकडून ती कडक आणि कोरडी होऊन बाहेर यायची. थोरलीनं त्याला इतकी वर्षं चादरी भरवल्या होत्या की बाया म्हणायच्या, "पोटच्या पोराला कुणी इतकं भरवलं नसेल." थोरलीला पोटचं पोर नव्हतं. लग्नही नव्हतं. आई विसरत विसरत गेली, आधी चुलीवरचं दूध, मग घराचं दार, मग लेकींची नावं; तेव्हापासून धाकटी हेच तिचं पोर.

धाकटीची ख्याती निराळी. ती झोपेत घड्या घालायची. पहाटेची पाळी, डोळे मिटलेले, मान छातीवर, आणि हात मात्र चालूच: कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. एकदा तिनं अख्खी गाडी भरली आणि जागी होऊन विचारलं, "ही कुणी भरली गं?" धुलाईघर हसून लोटपोट झालं. मुकादमबाई म्हणाल्या, "हिला उठवू नका. जागेपणी हिच्या घड्या वाकड्या येतात." धाकटीही हसली. हात शहाणे असले की डोक्याला विचारतं कोण?

हाच विनोद पुढं तिच्या मुळावर आला.

थोरलीचा हात एकदा रोलरमध्ये ओढला गेला होता. तेव्हा धाकटी तिला धरून इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरच्या एक्स-रे खोलीत घेऊन गेली. खोली थंड होती, शांत होती. काचेच्या पडद्यावर ताईच्या हाताची हाडं उमटली, पांढरी, बारीक, पाखराच्या पायांसारखी. धाकटी बघतच राहिली. ज्या हातानं तिची वेणी घातली, तिला दोन धपाटे घातले, तोंडात घास घातला, तो हात आतून इतका नाजूक! यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, "काय बघतेस? शिकायचंय? इस्पितळातल्या लोकांना जागा राखून असतात. फक्त संध्याकाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा पहिला पेपर पास व्हावा लागतो."

हात बरा झाला, पण मूठ पूर्ण मिटेना. वर खोकला. चादरींची लव छातीत बसते, तो खोकला औषधानं जात नाही, जागा सोडल्यानंच जातो. धाकटीनं मनाशी बांधलं: आपण वरच्या मजल्यावर गेलो, की ताईला खाली उभं राहू द्यायचं नाही. वयाची मर्यादा यंदाच संपत होती. त्यामुळं पेपर यंदाच सुटायला हवा होता. पुन्हा बसण्याची सोय नव्हती.

"जा," थोरली म्हणाली. "शीक. दुपारची तुझी रास मी बघते."

"तुझा हात?"

"हाताला काय झालंय? हात काय पेपर देणार आहे?"

संध्याकाळच्या वर्गात सर उभे राहिले ते फळ्याकडे पाठ करूनच. तरुण होते, बारीक आवाजाचे, मनानं चांगले. म्हणाले, "मी इथं शिकवणार नाही. शिकून तुम्ही घरून यायचं. प्रत्येक तासाआधी मी एक व्हिडिओ टाकीन. तो बघायचा. मधे तो थांबेल, प्रश्न विचारेल. उत्तर दिल्याशिवाय पुढं जाणार नाही. चुकलात तर पुन्हा विचारेल, घाबरू नका. संपला की धड्यासमोर हिरवी खूण येईल. नाही बघितला तर लाल. वर्गात आपण नुसती उदाहरणं सोडवायची." मग हसून म्हणाले, "ज्यांचे धडे लाल राहतील, त्यांना शनिवारी मी स्वतः जादा तासाला बसवीन. शिक्षा नाही हो ती. चहा देईन."

सगळे हसले. धाकटीनं मनात म्हटलं, आपण नाही लाल राहायचं.

पहिले दोन धडे तिनं बघितले, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून, चहा उकळताना. गती म्हणजे काय, वेग म्हणजे काय. सोपं होतं. हिरव्या खुणा उमटल्या. तिला इतका आनंद झाला की तिनं ताईला मोबाइल दाखवला. "हे बघ. ही हिरवी झाली की धडा झाला."

"आणि नाही झाली तर?"

"तर लाल. मग नामुष्की."

थोरलीनं ते नीट ऐकून घेतलं.

पुढं धुलाईघरात काम वाढलं. पाळी पहाटेचीच, पण रास दुप्पट. धाकटी दुपारी घरी यायची, चटई टाकायची, उशीवर मोबाइल उभा करायची, सरांचा आवाज सुरू करायची आणि "आज आपण" एवढं ऐकेपर्यंत डोळे जडावायचे. उठायची तेव्हा ऊन भिंतीवरून सरकलेलं असायचं. ताई कोपऱ्यात काहीतरी निवडत बसलेली असायची, मोबाइल उशाशी असायचा, आणि पडद्यावर हिरवी खूण.

पहिल्यांदा ती दचकली. बघितला मी? प्रश्न आले असतील, उत्तरं दिली असतील. कधी दिली? मग तिला ती भरलेली गाडी आठवली. हात शहाणे आहेत आपले. झोपेत चादर घडी होते, तर झोपेत बोट का नाही चालणार? तिनं ताईला विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय? आपल्याच मोबाइलवर, आपल्याच उशाशी, आपल्याच बोटांनी.

तिसरा धडा हिरवा. चौथा हिरवा. पाचवा, सहावा हिरवा. आणि वर्गात सर बोलत ते तिला परक्या गावच्या बोलीसारखं वाटू लागलं. शब्द कानावर पडत, आत जात नसत. बाकीचे माना हलवत. तीही हलवी.

एका संध्याकाळी सरांनी भिंतीवर सगळ्यांच्या खुणा दाखवल्या. नावांपुढं हिरवे-लाल चौकोन, गोधडीसारखे. एकच ओळ सलग हिरवी होती.

"ही कोण?" सरांनी वळून बघितलं. "तुम्ही ना? वा! या फळ्यावर. सोपं आहे, पाचव्या धड्यातलंच. मी एक गाडी ढकलतोय. वेग कमी नाही, जास्त नाही, एकसारखा. तर गाडीवर एकूण बल किती?"

गाडी! धाकटीचं काळीज फुललं. जन्म गेला गाड्या ढकलण्यात. चादरींनी लादलेल्या, एक चाक कायम अडणाऱ्या. ती ठामपणे म्हणाली, "जितका जोर आपण लावतो, तितकं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"शून्य," सर म्हणाले. "तुम्ही पुढं ढकलता, फरशी मागं धरून ठेवते. दोन्ही सारखे. बाकी शून्य. अहो, पाचव्या धड्यात मी हेच उदाहरण दिलंय. हीच गाडी. ती इस्पितळातली गाडी मी मुद्दाम काढून दाखवली होती. आठवत नाही?"

तिला आठवत नव्हतं. गाडी बघितली असती तर आपण विसरलो असतो? भाताचा घास तोंडात घालून कुणी विसरतं का? तिच्या हातातला खडू ओला झाला.

तास सुटल्यावर सरांनी तिला थांबवलं. आवाज आणखी बारीक करून म्हणाले, "रागावू नका. पण दुसऱ्या कुणाकडून खुणा करून घेता येतात, मला माहीत आहे. तसं असेल तर सांगा. मी सगळे चौकोन लाल करतो, शनिवारी तुम्हाला पहिल्यापासून शिकवतो. अजून वेळ आहे."

धाकटीनं मान ताठ केली. आयुष्यात तिनं कुणाची सुई उचलली नव्हती. "मी स्वतः बघितलेत, सर," ती म्हणाली. "एकूण एक."

"मग ठीक आहे," सर म्हणाले, आणि त्यांना खरंच ठीक वाटलं असावं, कारण ते पुन्हा त्या विषयावर आले नाहीत. शनिवारच्या तासाला लाल चौकोनवाले गेले. हिरवीला कुणी बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी घरी येताना तिला पहिल्यांदा आई आठवली. म्हणजे आठवायची रोजच, पण आज ती दारात उभी राहिलेली आठवली, हातात किल्ली, आणि विचारत होती, "हे कुणाचं घर गं?" आईचंही असंच सुरू झालं होतं. केलेलं केल्याचं आठवायचं नाही. दूध तापवलेलं असायचं, पण तापवल्याचं आठवायचं नाही.

झालं. आलं आपल्याकडे. रक्तातून येतं म्हणतात, ते आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं धुलाईघरात, जेवणाच्या सुट्टीत, पाचवा धडा पुन्हा उघडला. यंत्रांच्या घरघरीत सरांचे ओठ नुसते हलत होते. गाडी यायच्या आतच मुकादमबाईंची सावली पडली.

"काय गं राणी, चादरींच्या घड्या आता मोबाइलमध्ये घालतेस होय?"

"अभ्यास आहे, बाई."

"अभ्यास घरी. इथं मोबाइल दिसला तर रोलरमधून काढीन. पापडासारखा होईल."

बाया हसल्या. धाकटीनं मोबाइल आत ठेवला आणि नंतर तो धडा उघडला नाही. उघडून काय करायचं? फुटक्या घागरीत पुन्हा पाणी ओतलं म्हणून ती भरते का? त्यापेक्षा ओतलेलं कुठं जातं ते न बघितलेलं बरं. पुढचे धडे येत राहिले. ती दुपारी आडवी व्हायची, सरांचा आवाज सुरू करायची आणि आता तर मुद्दामच डोळे मिटायची, कारण जागं राहून विसरण्यापेक्षा झोपेत विसरणं सुसह्य होतं. खुणा हिरव्या होत राहिल्या. प्रत्येक खूण तिला आतून एकेक खिळा ठोकल्यासारखी वाटायची. बघ, हेही बघितलंस. बघ, हेही गेलं.

ती बोलेनाशी झाली. गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघू लागली. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आधी मनात त्याचं नाव घोकायची आणि मग हसायची. थोरली म्हणाली, "वाळत चाललीस. अभ्यास लई होतोय का?"

"होतोय."

"हिरवं होतंय ना सगळं?"

"होतंय, ताई."

"मग झालं तर! घोडं मारलंय का कुणाचं?"

पेपरच्या दिवशी धाकटीनं प्रश्न वाचले. ते मराठीतच होते. एक गाडी होती, एक उतार होता, एक चेंडू वर फेकलेला होता. तिनं पेन धरलं. झोपेत चालणारे हात कधीतरी जागेपणीही चालतील, या आशेनं ती वाट बघत बसली. हात चालले नाहीत. चेंडू वरच राहिला.

निकाल लागला तेव्हा ती घडीच्या टेबलापाशी उभी होती. तिनं मोबाइल पाहिला, खिशात ठेवला आणि चादरीचा कोपरा उचलला. थोरलीला तिनं घरी आल्यावर सांगितलं. थोरलीनं निवडायचं ताट खाली ठेवलं. मग एकदम भडकली.

"सगळं हिरवं असून?"

"हो."

"मग तो मास्तर डोळ्यांनी अधू असला पाहिजे! हिरवं दिसत नाही मेल्याला? मी जाऊन सांगते."

"नको, ताई."

"अगं पण सगळंच्या सगळं..."

"माझंच डोकं नाही, ताई. आईसारखं झालंय ते. आता ते बोलू नकोस." ती हे शांतपणे म्हणाली. थोरलीला खोकला आला, आणि बराच वेळ थांबला नाही.

पुन्हा पाळी, पुन्हा रास. वरच्या मजल्यावरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. धाकटी आता झोपेतही घड्या घालीना; डोळे टक्क उघडे ठेवून काठाला काठ लावायची आणि प्रत्येक घडी झाली की तिच्यावर हात ठेवायची, ही मी घातली, ही मी आत्ता घातली.

अशाच एका सकाळी तिची एक गाडी रोलरपाशी अडली. चाक फरशीच्या फटीत रुतलं. ती वाकून चाक सोडवत होती, आणि वर, वाफेत, थोरली गात होती. थोरली नेहमीच गायची, जुनं काहीबाही, आईकडून आलेलं. रोलरच्या फेऱ्याला धरून, चादर आत जाताना एक ओळ, बाहेर येताना दुसरी.

थांबलं ते थांबलेलं, चालतं ते चालतंच,
जोर लागल्यावाचून गं, बाई, बदलत नाही काहीच.

धाकटीचा हात चाकावरच राहिला. चादर आत गेली.

हात ढकले पुढं, फरशी ओढी मागं,
दोघांचं झालं सारखं, बाई, उरलं काय सांग?

"ताई."

"अं?"

"हे कुठलं गाणं?"

"कुठलं म्हणजे? आलं तोंडात."

"कुणाकडून आलं?"

थोरलीनं चादर सोडली नाही. वाफेमागं तिचा चेहरा दिसत नव्हता. "विचारायचं नसतं गं," ती म्हणाली.

"विचारते आहे मी."

"इथं नको. घरी चल."

घरी थोरली चटईवर बसली. चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी लाजली आणि तितकीच फुशारलीही. म्हणाली, "आता झालंगेलं, म्हणून सांगते. तू पडल्या पडल्या झोपायचीस. मास्तर आपला एकटाच बोलतोय. मला वाईट वाटायचं, त्याचंही आणि तुझंही. लाल झालं असतं तर तुझी नामुष्की झाली असती. मग मी मोबाइल घेऊन बसायची. थांबला की चार ओळी यायच्या. मला कुठं भराभर वाचता येतं? मी वरून खाली एकेक दाबायची. तीन लाल होतात, चौथी हिरवी होतेच होते. मोठी रास असायची गं कधी कधी! पण एक नाही सोडला मी. संपला की तुझ्या उशाशी ठेवायची. ऐकून ऐकून तोंडात बसलं. कळलं काहीच नाही, पण चाल लागली."

धाकटी ऐकत होती. तिच्या आत एक घागर, जी इतके दिवस फुटकी म्हणून उपडी पडली होती, हळूच उताणी झाली. फुटलेली नव्हती ती. तिच्यात पाणी कधी ओतलंच नव्हतं. गाडी ती विसरली नव्हती. तिनं गाडी पाहिलीच नव्हती. आई आपली दारात किल्ली घेऊन उभी होती, ती एकटीच होती. तिच्या मागं धाकटी नव्हती.

आणि तेवढ्यात दुसरं कळलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले. चौकोन लाल राहिले असते तर शनिवारी तिला बोलावलं असतं. चहा दिला असता. पहिल्यापासून शिकवलं असतं. सरांनी विचारलंही होतं, आणि तिनं मान ताठ करून उत्तर दिलं होतं. ताईनं एकेक लाल दार पुसून तिथं हिरवी भिंत लावली होती, न मिटणाऱ्या मुठीनं, खोकत, दुपारच्या दुपार, तिची अर्धी रास संपवून आल्यावर.

"काय झालं?" थोरली म्हणाली. "चुकलं का माझं काही?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल टेकवत होतं. थोरलीचा वाकडा हात तिच्याच मांडीवर उताणा पडला होता. धाकटीनं तो बघितला, आणि चामडीखालची ती पांढरी, बारीक हाडं तिला पुन्हा दिसली.

"नाही," ती म्हणाली. "चुकलं काहीच नाही."

"मग रडतेस का?"

"डोकं शाबूत आहे म्हणून."

"वेडी," थोरली म्हणाली. तिला काही कळलं नाही, पण तिचा जीव भांड्यात पडला. मग जरा थांबून, संकोचानं म्हणाली, "आता लावत नाहीस का गं तू त्या मास्तराला? दुपारी घर कसं खायला उठतं."

धाकटीनं मोबाइल काढला. पाचवा धडा उघडला. दोघींच्या मधे, चटईवर, उशीला टेकवून ठेवला. या खेपेला ती आडवी झाली नाही. "आज आपण," सर म्हणाले, आणि पुढंही बोलत राहिले. पडद्यावर गाडी आली. इस्पितळातलीच, चादरींनी भरलेली, एक चाक किंचित अडणारी. "ही बघ," थोरली कौतुकानं म्हणाली, "ही आपलीच गं." सरांनी गाडीवर दोन बाण काढले, एक पुढं, एक मागं, दोन्ही सारख्या लांबीचे. इतकं सोपं होतं. चहा उकळेपर्यंत समजलं असतं, इतकं.

व्हिडिओ थांबला. चार ओळी आल्या. थोरलीचं बोट सवयीनं पुढं सरसावलं.

"थांब," धाकटी म्हणाली. "मी करते."

तिनं वाचलं. शून्य ही ओळ तिसरी होती. तिनं ती दाबली. पडद्यावर बारीक अक्षरांत आलं: या प्रश्नाचे उत्तर आधीच नोंदवले आहे.

थोरलीला बारीक अक्षरं दिसत नव्हती. ती मान वाकवून म्हणाली, "झालं का गं हिरवं?"

"ते आधीपासूनच हिरवं आहे, ताई."

"असणारच," थोरली म्हणाली, आणि समाधानानं भिंतीला टेकून बसली.